पोटातल्या अमिबाला नाव देणारे फ्रिट्झ शाउडिन कोण होते? दोन मोठे शोध, तीन मोठ्या चुका आणि ३४ वर्षांचं आयुष्य

पोटात मुरडा येतो, आव पडते. दोन दिवस घरगुती उपाय करून झाले की माणूस डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टर शौचाची तपासणी लिहून देतात. संध्याकाळी फोनवर आलेल्या रिपोर्टमध्ये एक लांबलचक नाव असू शकतं: एंटामिबा हिस्टोलिटिका. कधी कधी दुसरंच नाव असतं: एंटामिबा कोली. पहिलं नाव दिसलं की डॉक्टर औषधाचा विचार करतात. दुसऱ्याकडे पाहून सहसा काहीच करत नाहीत.

दोन्ही जीव एकाच मोठ्या आतड्यात राहतात. दोन्ही एकपेशीय आहेत आणि आकार सतत बदलत सरपटतात. मग एकावर औषध आणि दुसऱ्याला अभय का? हा फरक १९०३ साली एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं ठामपणे मांडला आणि एंटामिबा हिस्टोलिटिका हे नावही त्यानंच दिलं. त्यांचं नाव फ्रिट्झ शाउडिन. दोनच वर्षांनी सिफिलिसचा जंतूही त्यांनीच ओळखला. त्यानंतरच्या वर्षी, वयाच्या ३४व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्याचं कारण म्हणून आतड्यातल्या अमिबाच्या संसर्गाचीच नोंद केली जाते.

आधी गोंधळ काय होता?

अमिबा शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असतो. डबक्यातला अमिबा १७५५ सालीच जर्मनीतल्या रोझेल फॉन रोझेनहोफ यांनी चित्रासह नोंदवला होता. तो तब्येतीनं मोठा, चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसेल इतका. आतड्यातला अमिबा मात्र साधारण २० मायक्रॉनचा असतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढा.

१८७५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्योदोर लोश या डॉक्टरांना आमांशानं बेजार झालेल्या एका तरुण शेतकऱ्याच्या मळात असे अमिबा मोठ्या संख्येनं दिसले. त्यांनी तो मळ कुत्र्यांना दिला आणि त्यातल्या एकाच्या आतड्यात जखमा झाल्या. तरीही अमिबा हाच आजाराचं मूळ आहे, असं म्हणायला लोश तयार नव्हते. अमिबामुळे आधीचा आजार चिघळतो, इतकंच त्यांचं मत होतं. चार वर्षांनी इटलीत ग्रासी यांना धडधाकट माणसांच्या मळातही अमिबा सापडले. त्यांनी ते निरुपद्रवी ठरवले.

दुसरीकडे रॉबर्ट कॉख १८८३ साली कॉलऱ्याच्या तपासासाठी इजिप्तमध्ये गेले, तेव्हा आमांशानं मेलेल्या रुग्णांच्या आतड्याच्या कापांत त्यांना अमिबा दिसले. १८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी अमिबाचा आमांश आणि यकृतातलं गळू यांचं सविस्तर वर्णन केलं. त्यात भर पडली ती १८९८ साली. जपानमध्ये कियोशी शिगा यांनी आमांशाचा एक जीवाणू शोधला. म्हणजे आमांश जीवाणूनंही होतो.

आता डॉक्टरांपुढे पेच असा होता: रोग्याच्या पोटात अमिबा आहे, निरोग्याच्याही पोटात आहे आणि काही रोग्यांच्या पोटात अमिबा नाहीच. अशा वेळी अमिबाला दोषी कसं धरायचं? यातून सुटण्याचा एक मार्ग होता. अमिबा एक नसून दोन असावेत. जर्मनीत क्विंके आणि रोस यांनी १८९३ सालीच तशी वेगवेगळी रूपं नोंदवली होती. पण दोन जीव वेगळे आहेत हे निव्वळ म्हणून भागत नाही. कशावरून वेगळे, हे दाखवावं लागतं.

मत्स्यालयातला अमिबा

शाउडिन यांचा जन्म १९ सप्टेंबर १८७१ रोजी पूर्व प्रशियातल्या एका छोट्या गावात झाला. बर्लिन विद्यापीठात ते भाषा शिकायला गेले आणि प्राणिशास्त्राकडे वळले. तिथले प्राध्यापक फ्रान्झ आयलहार्ड शुल्झे यांच्या हाताखाली १८९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता फोरॅमिनिफेरा, म्हणजे समुद्रात राहणारे, शंखासारखं कवच बांधणारे अमिबाचे लांबचे भाऊबंद. या जीवांच्या एकाच जातीत दोन प्रकारची कवचं का दिसतात, हे कोडं तेव्हा होतं. त्यांच्यात दोन पिढ्या आलटून पालटून येतात, एक लैंगिक आणि एक अलैंगिक, हे शाउडिन यांनी दाखवलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लिस्टर स्वतंत्रपणे त्याच उत्तरापर्यंत पोहोचले.

१८९६ साली त्यांनी बर्लिनच्या मत्स्यालयातल्या समुद्राच्या पाण्यात सापडलेल्या एका अमिबाचं वर्णन केलं आणि गुरूंच्या नावावरून त्याला पॅरामिबा आयलहार्डी असं नाव दिलं. या अमिबात नेहमीच्या केंद्रकाशेजारी आणखी एक गडद ठिपका होता. शाउडिन यांना तो पेशीचाच भाग वाटला. आज माहीत आहे की तो ठिपका म्हणजे अमिबाच्या आत कायमचा मुक्काम ठोकलेला दुसराच एकपेशीय जीव आहे, ट्रिपॅनोसोमच्या नात्यातला. पण ठिपका होता, हे खरं. पॅरामिबा हे नावही टिकलं. या गटातल्या एका अमिबामुळे आज मत्स्यशेतीतल्या सामन माशांच्या कल्ल्यांना रोग होतो आणि टास्मानियातल्या मत्स्यशेतीला त्याचा मोठा फटका बसतो.

शाउडिन यांच्या सगळ्या कामाचं एक चित्र इथेच दिसतं. त्यांची नजर विलक्षण होती. जे दिसलं ते बहुतेक वेळा खरोखर तिथे असायचं. त्याचा अर्थ लावताना मात्र ते कधी कधी फार पुढे निघून जायचे.

१८९८ साली ते फ्रिट्झ रोमर या सहकाऱ्याबरोबर हेल्गोलांड जहाजावरून स्पिट्झबर्गेनच्या आर्क्टिक समुद्रात गेले आणि तिथले प्राणी गोळा करून आले. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी गोमेसारख्या एका प्राण्याच्या आतड्यातल्या कॉक्सिडियम या परजीवीचं संपूर्ण जीवनचक्र उलगडलं. हे काम इतकं चोख होतं की मलेरियाचा परजीवी समजून घेण्यासाठीही ते नमुना म्हणून वापरलं गेलं. तिशी गाठण्याआधीच युरोपातल्या एकपेशीय जीवांच्या अभ्यासात शाउडिन हा शेवटचा शब्द मानला जाऊ लागला. पुढच्या गोष्टीत ही प्रतिष्ठा लक्षात ठेवावी लागेल.

रोविन्योतली तीन वर्षं

१९०१ साली त्यांना रोविन्यो इथल्या सागरी संशोधन केंद्रावर नेमण्यात आलं. हे एड्रियाटिक समुद्राच्या काठचं गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. बर्लिनच्या मत्स्यालयाला समुद्री प्राणी पुरवण्यासाठी १८९१ साली ते केंद्र सुरू झालं होतं. आसपास मलेरिया होता, आमांश होता, पक्षी होते, डास होते. परजीवी शोधणाऱ्याला आणखी काय हवं?

इथूनच त्यांनी १९०२ साली एकपेशीय जीवांसाठीचं स्वतंत्र नियतकालिक सुरू केलं. आणि इथेच आतड्यातल्या अमिबांचं काम झालं.

त्यांनी दोन जीव वेगळे केले ते असे. एंटामिबा कोली मंद असतो. त्याच्या पोटात जीवाणू आणि अन्नाचे कण दिसतात. बाहेर पडण्यापूर्वी तो स्वतःभोवती कवच बांधून गोळी होतो. या गोळीला सिस्ट म्हणतात आणि कोलीच्या पिकलेल्या सिस्टमध्ये आठ केंद्रकं असतात. दुसरा अमिबा वेगळा. त्याच्या कडेचा थर काचेसारखा स्वच्छ असतो, छद्मपाद झटकन बाहेर पडतात आणि त्याच्या पोटात माणसाच्या तांबड्या रक्तपेशी दिसतात. तो आतड्याच्या भिंतीत घुसतो. मांजरांना रुग्णाचा मळ दिल्यावर त्यांना आमांश झाला. ऊती विरघळवणारा म्हणून शाउडिन यांनी त्याचं नाव ठेवलं हिस्टोलिटिका.

निरोगी माणसांचे नमुनेही त्यांनी भरपूर तपासले. रोविन्योच्या परिसरात निम्म्याहून जास्त लोकांमध्ये कोली सापडला. इतका सर्रास सापडणारा जीव रोगाचं कारण असता तर अर्धा किनारा अंथरुणाला खिळला असता. ग्रासी यांना निरोगी माणसांत अमिबा का दिसले, याचा उलगडा यातून झाला.

आणि कोली निरुपद्रवी आहे हे पक्कं करण्यासाठी शाउडिन यांनी त्याच्या सिस्ट स्वतः गिळल्या. संसर्ग झाला, अमिबा मळात दिसू लागले, आजार मात्र झाला नाही.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी अशा प्रयोगांना ना परवानगी लागत होती, ना समिती. प्रयोगशाळेत सर्वांत सहज उपलब्ध असलेला प्राणी म्हणजे संशोधक स्वतः, अशी एक समजूत होती.

चित्र नाही, फक्त वर्णन

आता पहिली चूक. हिस्टोलिटिका एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? शाउडिन यांनी लिहिलं की हा अमिबा कोलीसारखी आठ केंद्रकांची गोळी करत नाही. त्याच्या अंगावर कोंब येतात, त्यांतून काही मायक्रॉनचे इवलेसे बीजाणू सुटतात आणि तेच रोग पसरवतात.

हे चुकीचं होतं. हिस्टोलिटिकाही सिस्टच करतो, फक्त तिच्यात चार केंद्रकं असतात. पण शाउडिन यांचं नाव इतकं मोठं होतं की १९०७ साली चार केंद्रकांच्या सिस्ट दिसल्या, तेव्हा हा हिस्टोलिटिका असूच शकत नाही, असं मानून त्याला तिसरी जात ठरवण्यात आलं आणि टेट्राजेना हे वेगळं नाव देण्यात आलं. म्हणजे पुस्तकाशी जुळत नाही म्हणून समोरच्या जिवाचंच नाव बदललं. हा घोळ निस्तरायला काही वर्षं गेली. टेट्राजेना आणि हिस्टोलिटिका एकच आहेत, हे पुढे मान्य झालं.

१९०३च्या त्या निबंधात एकही चित्र नव्हतं. सविस्तर, सचित्र लेखन नंतर येणार होतं, ते आलंच नाही. वर्गीकरणात ही साधी त्रुटी नव्हे. ज्या शास्त्रात सगळा वाद आकार, केंद्रक आणि कडेच्या थरावर चालतो, तिथे चित्राशिवाय दुसरा माणूस पडताळा घेणार कसा? इंग्लंडचे क्लिफर्ड डोबेल यांनी माणसातल्या अमिबांवर १९१९ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी शाउडिन यांच्या या कामाची कठोर झडती घेतली.

खरा पडताळा १९१३ साली मनिलात झाला. वॉकर आणि सेलर्ड्स यांनी तिथल्या बिलिबिड तुरुंगातल्या कैद्यांना दोन्ही अमिबा वेगवेगळे गिळायला दिले. कोली गिळलेल्यांपैकी एकालाही आमांश झाला नाही. हिस्टोलिटिका गिळलेल्या २० जणांपैकी १८ जणांच्या आतड्यात अमिबा रुजला आणि चौघांना आमांश झाला. हे कैदी स्वयंसेवक होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. तुरुंगातल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. शास्त्राच्या बाजूनं मात्र शाउडिन यांचं मुख्य म्हणणं सिद्ध झालं: जीव दोन आहेत आणि त्यातला एकच घातक आहे. उरलेल्या १४ जणांना काहीच का झालं नाही, याचं उत्तर मिळायला आणखी ८० वर्षं जाणार होती.

दरम्यान औषधही आलं. १९१२ साली कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी इपेकॅक या वनस्पतीतल्या एमेटिनची इंजेक्शनं अमिबाच्या आमांशावर आणि यकृतातल्या गळूवर वापरून दाखवली. शाउडिन तोवर राहिले नव्हते.

घुबडाच्या रक्तातली चूक

रोविन्योतली दुसरी मोठी चूक एका घुबडापासून सुरू झाली. पिंगळ्याच्या जातीच्या घुबडाच्या रक्तात त्यांना अनेक प्रकारचे परजीवी दिसले. काही रक्तपेशींच्या आत, काही ट्रिपॅनोसोमसारखे शेपटीवाले, काही स्प्रिंगसारखे पीळदार. शाउडिन यांनी १९०४ साली जाहीर केलं की ही सगळी एकाच जीवनचक्राची रूपं आहेत आणि डासाच्या पोटात एकाचं दुसरं होतं.

प्रत्यक्षात त्या घुबडाला आणि डासाला एकाच वेळी अनेक वेगवेगळे संसर्ग झाले होते. अमिबाच्या बाबतीत एकासारखे दिसणारे दोन जीव त्यांनी वेगळे केले. घुबडाच्या बाबतीत वेगवेगळे जीव त्यांनी एकत्र गुंफले. शाउडिन यांना जीवनचक्रं उलगडण्याची सवय झाली होती, त्यामुळे त्यांना इथेही चक्रच दिसलं.

गंमत अशी की याच चुकीच्या सिद्धांतामुळे ते पीळदार जंतूंकडे बारकाईनं पाहायला शिकले. त्याचा उपयोग वर्षभरातच झाला.

३ मार्च १९०५

१९०४ साली शाउडिन बर्लिनला परतले आणि शाही आरोग्य कार्यालयाच्या प्रोटोझोआ विभागाचे प्रमुख झाले. सिफिलिस, म्हणजे जुन्या बोलीतली गरमी, तेव्हा युरोपभर पसरलेली होती आणि तिचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. १९०५च्या सुरुवातीला बर्लिनमधल्याच झीगल या संशोधकानं आपल्याला तो जंतू सापडल्याचा दावा केला. देवी, लाल ताप आणि लाळ्या-खुरकूत यांचे जंतू सापडल्याचा दावाही त्यांनी केला होता. सरकारी कार्यालयानं पडताळणीचं काम शाउडिन यांच्याकडे दिलं आणि शारिटे रुग्णालयाचे त्वचारोगतज्ज्ञ एरिश हॉफमन यांना नमुने द्यायला सांगितलं.

३ मार्च रोजी हॉफमन यांनी एका रुग्ण महिलेच्या फोडातला ताजा द्रव आणला. रंग न देता तो तसाच भिंगाखाली ठेवला गेला. झीगल यांचा जंतू त्यात नव्हता. पण शाउडिन यांना काहीतरी हलताना दिसलं: अत्यंत बारीक, फिकट, दहा-बारा घट्ट पीळ असलेला धागा, स्वतःभोवती फिरत पुढे सरकणारा. तो इतका फिकट होता की इतर संशोधकांची नजर त्याच्यावरून घसरून गेली असती. फिकट म्हणूनच त्याचं नाव पडलं स्पायरोकीटा पॅलिडा. त्याच वर्षी शाउडिन यांनी त्याला ट्रेपोनेमा या वेगळ्या प्रजातीत टाकलं आणि तेच नाव आजही चालतं.

माणसाच्या शरीरात पीळदार जंतू दिसण्याची गोष्ट मात्र नवी नव्हती. उलट्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात ओबरमायर यांना बर्लिनमध्ये ते दिसले होते. १८७७ साली, दुष्काळाच्या दिवसांत मुंबईत आलेल्या तापाच्या साथीत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात तेच जंतू पाहिले आणि त्यांचा सखोल अभ्यास केला. ग्रेज अॅनाटॉमी या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या जाड ग्रंथातली मूळ चित्रं काढणारे कार्टर ते हेच.

१७ मे १९०५ रोजी बर्लिन मेडिकल सोसायटीपुढे शोध मांडला गेला, तेव्हा स्वागत थंड होतं. सिफिलिसचे जंतू याआधी अनेकांना सापडले होते आणि सगळे खोटे निघाले होते. चर्चा आटोपताना अध्यक्षांनी थट्टेचा सूर लावला. नवा जंतू येऊन लक्ष वेधून घेईपर्यंत विषय इथेच थांबवू, असा त्यांचा रोख होता.

शाउडिन आणि हॉफमन यांनी या वेळी दावा जपून केला होता. हाच सिफिलिसचा जंतू आहे, असं त्यांनी पहिल्या लेखात ठोकून सांगितलं नाही. आपल्याला काय दिसलं, कुठे दिसलं, इतकंच मांडलं. रोविन्योच्या शाउडिनपेक्षा हा शाउडिन सावध होता. काही महिन्यांतच देशोदेशींच्या प्रयोगशाळांत तोच धागा दिसू लागला आणि शंका मावळल्या. १९०६ साली वासरमन यांची रक्तचाचणी आली, १९१० साली साल्व्हरसान हे औषध आलं.

लिस्बनहून परतताना

१९०६च्या सुरुवातीला शाउडिन हॅम्बुर्गच्या जहाजी व उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत प्रोटोझोआ विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. एप्रिलमध्ये लिस्बनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद होती. तिथे त्यांचा मोठा गौरव झाला. परतीच्या प्रवासात प्रकृती ढासळली. आतड्याजवळ गळू झाले होते, शस्त्रक्रिया करावी लागली. २२ जून १९०६ रोजी हॅम्बुर्गमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या चरित्रांत या आजाराचा संबंध अमिबावरच्या त्यांच्या स्वतःवरील प्रयोगांशी जोडला जातो. इथे त्यांचंच वर्गीकरण उपयोगी पडतं. कोली गिळून गळू होत नाही, त्यासाठी हिस्टोलिटिकाच लागतो. आणि तो रोविन्योच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली होता. हातमोजे, जंतुरोधक कपाट असलं काही तेव्हा नव्हतं. एमेटिनचं इंजेक्शन यायला सहा वर्षं बाकी होती.

हॅम्बुर्गमध्ये त्यांची जागा स्टॅनिस्लाउस फॉन प्रोवाझेक यांनी घेतली. रोविन्योतही ते शाउडिन यांच्या मागोमाग होते. १९१५ साली युद्धकैद्यांच्या छावणीत टायफसचा अभ्यास करताना त्यांना तोच रोग झाला आणि तेही गेले. टायफसच्या जंतूच्या शास्त्रीय नावात आज प्रोवाझेक यांचं नाव आहे.

४५ वर्षं टिकलेली तिसरी चूक

तिसरी चूक सर्वांत महागात पडली. डास चावला की मलेरियाचे परजीवी अंगात जातात, हे तोवर सिद्ध झालं होतं. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी पाहिला होता. प्रश्न होता पुढचा: चावल्यानंतर आठवडाभर रक्तात काहीच दिसत नाही, मग परजीवी असतात कुठे? ग्रासी यांना संशय होता की मधे कुठेतरी, रक्ताबाहेर, एक टप्पा असावा.

१९०३ साली शाउडिन यांनी लिहिलं की डासातून आलेला परजीवी थेट तांबड्या पेशीत शिरताना आपण भिंगाखाली पाहिला. विषय संपला. इतरांना ते दृश्य पुन्हा दिसलं नाही, तरी पाठ्यपुस्तकांनी ते सोडलं नाही. ज्या माणसाला सिफिलिसचा फिकट धागा दिसला, त्याला इतरांना न दिसणारं काहीही दिसू शकतं, हा तर्क अनेकांना पटण्याजोगा होता.

तडे हळूहळू गेले. १९३७ साली पक्ष्यांच्या मलेरियात रक्ताबाहेरचा टप्पा सापडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात फेअरली यांनी डास चावलेल्या स्वयंसेवकांचं रक्त दुसऱ्यांना देऊन पाहिलं. पहिल्या अर्ध्या तासापर्यंतच्या रक्तानं मलेरिया होई, नंतर बरेच दिवस होत नसे. परजीवी कुठेतरी लपत होता, हे उघड होतं. अखेर १९४८ साली लंडनमध्ये हेन्री शॉर्ट आणि सिरिल गार्नहॅम यांनी तो यकृतात पकडला, आधी माकडाच्या आणि मग माणसाच्या. शॉर्ट यांची त्याआधीची बरीच वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, भारतात काळा आजारावर काम करण्यात गेली होती.

मलेरिया बरा होऊन महिन्यांनी पुन्हा का उलटतो, हे कळण्याची वाट याच शोधानं मोकळी झाली. प्रिमाक्विनसारखी औषधं यकृतात दडलेल्या परजीवीवर चालतात, हे त्यानंतर नीट समजलं.

आणि हिस्टोलिटिका पुन्हा दुभंगला

मनिलाच्या त्या १४ कैद्यांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. हिस्टोलिटिका पोटात असूनही बहुतेकांना काहीच का होत नाही? १९२५ साली फ्रान्सचे एमिल ब्रुम्प्ट म्हणाले की शाउडिन यांच्या हिस्टोलिटिकात दोन जाती मिसळल्या आहेत. दोन्हींच्या सिस्टमध्ये चार केंद्रकं, दोन्ही दिसायला एकसारख्या, पण त्यातली एक निरुपद्रवी. तिला त्यांनी डिस्पार हे नाव दिलं. फारसं कुणी ऐकलं नाही. भिंगाखाली फरक दिसत नसेल तर वेगळी जात कशी मानायची, हा आक्षेप होता.

१९७८ साली लंडनमध्ये अमिबांच्या विकरांची तुलना झाली तेव्हा रुग्णांतले आणि निरोग्यांतले अमिबा दोन गटांत पडले. पुढे डीएनएनंही तेच सांगितलं. १९९३ साली डायमंड आणि क्लार्क यांनी हिस्टोलिटिकाचं नव्यानं वर्णन करून डिस्पार अधिकृतपणे वेगळा केला. १९८०च्या दशकात जगभरात सुमारे ५० कोटी लोकांच्या पोटात हिस्टोलिटिका असल्याचा अंदाज मांडला जाई. त्यातले बहुतेक डिस्पार निघाले.

शाउडिन यांना वाटलं होतं की हिस्टोलिटिका कडेच्या घट्ट थराच्या जोरावर आतड्यात घुसतो. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांना वेगळंच दिसलं. हा अमिबा माणसाच्या जिवंत पेशींचे लचके तोडतो, एकेक घास घेत, पेशी मरेपर्यंत.

साध्या मायक्रोस्कोपवर आजही कोली ओळखता येतो, शाउडिन यांनी सांगितलेल्या आठ केंद्रकांवरून. हिस्टोलिटिका आणि डिस्पार मात्र सिस्ट पाहून वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी लागते. पोटात तांबड्या पेशी घेतलेला सरपटता अमिबा दिसला तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो, आणि ती खूणही शाउडिन यांचीच. १९९७ साली मेक्सिकोतल्या बैठकीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं की नुसत्या मायक्रोस्कोपवर चार केंद्रकांची सिस्ट दिसली तर प्रयोगशाळेनं एक नाव लिहू नये. दोन्ही नावं लिहावीत, मधे तिरकी रेघ देऊन.